करार संपण्याआधी नोटीस सक्तीची करा

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या जानेवारीत एका रात्री साडेनऊला घरमालकांचा मेसेज आला, "महिनाअखेर फ्लॅट रिकामा करा, मुलगा राहायला येतोय." माझ्या मुलीची दहावी मार्चमध्ये होती. मी कपाटातून अकरा महिन्यांचा करार काढला. त्यात एक महिन्याची नोटीस लिहिली होती, पण मुदतच त्या महिन्यात संपत होती. म्हणजे तेवढीही द्यायची गरज नव्हती.

टेम्पोत सामान चढत होते तेव्हा मुलगी रिकाम्या खोलीत फरशीवर बसून भूमितीचे प्रमेय लिहीत होती. टेबल आधीच खाली गेले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये जुन्या भाडेकरूला चांगले संरक्षण आहे. भाडे थकले तरी कलम 15 प्रमाणे मालकाला लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते, मगच दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली आणि पुढे भाडे नियमित दिले, तर घर वाचते. हे योग्यच आहे. आम्ही मात्र अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' कराराने राहतो, म्हणून कायद्याने भाडेकरू नाही, 'परवानाधारक' आहोत. कलम 24 सांगते, मुदत संपली की ताबा द्या. नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करणार आणि आम्हाला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागणार. आधी कळवण्याची सक्ती त्यात नाही. एकदाही भाडे न चुकवलेल्या माणसाला थकबाकीदाराइतकीही सवड मिळू नये, हे मला पटत नाही.

निवृत्तीच्या पैशांतून फ्लॅट घेतलेल्या मालकाला तो वेळेवर परत मिळालाच पाहिजे, म्हणून कलम 24 काढा असे माझे म्हणणे नाही. मालकाने करार पुढे चालवायचा नसेल तर मुदतीच्या दोन महिने आधी लेखी, मराठीत कळवावे, एवढेच त्यात घाला.

डिपॉझिटचेही तसेच. नव्या घराचे डिपॉझिट आणि एजंटची दलाली आम्ही उसनवारीने भरली, कारण जुने डिपॉझिट तीन महिन्यांनी, रंगकामाचे पैसे कापून मिळाले. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ताबा घेतानाच ते परत करायची तरतूद आहे. ती तरी आपल्या कायद्यात आणा.

नव्या करारातही नोटीस एकच महिन्याची आहे. मी विचारले तर एजंट म्हणाला, "ताई, फॉरमॅट असाच असतो."

येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मांडावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
पुण्यातील एक परवानाधारक