ती रेकॉर्ड लोकांनी नाकारली नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पॉवर पॉपवर, म्हणजे गोड चालींच्या, गिटारवाल्या रॉकवर, चक्क अर्धं पान बघितलं आणि खूप बरं वाटलं, मराठी पेपरात हा विषय कोण घेतं हो. पण बिग स्टार या अमेरिकन बँडच्या पहिल्या रेकॉर्डबद्दल त्यात एकच वाक्य होतं आणि तेच चुकलंय. ‘नंबर वन रेकॉर्ड’ लोकांनी नाकारली, असं लिहिलंय. अहो, नाकारायला ती आधी लोकांच्या हातात तर पडायला हवी ना!

१९७२ची गोष्ट. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली चार पोरं, क्रिस बेल, ॲलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि ड्रम्सवर जोडी स्टीव्हन्स. अर्डेंट स्टुडिओचा मालक जॉन फ्राय, त्याने या पोरांना रेकॉर्डिंगचं काम शिकवलं आणि स्टुडिओ रिकामा असला की रात्र रात्र वापरू दिला. बँडचं नावही जवळच्या बिग स्टार नावाच्या सुपरमार्केटवरून घेतलेलं. अर्डेंटचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, छोटी, त्यामुळे माल दुकानात पोचवायचं काम स्टॅक्सकडे, म्हणजे ओटिस रेडिंग, आयझॅक हेज या कृष्णवर्णीय गायकांच्या सोल संगीताची कंपनी, रॉकच्या गिऱ्हाइकापर्यंत जायची त्यांची वाटच नव्हती. बिलबोर्डसारख्या संगीताच्या साप्ताहिकांत कौतुक छापून आलं, पण वाचून दुकानात जावं तर रेकॉर्डच नाही. पुढे स्टॅक्सने कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीशी डिस्ट्रिब्युशनचा करार केला, कोलंबियाला स्टॅक्सच्या जुन्या छोट्या वितरकांशी काही देणंघेणं नव्हतं, मग होत्या त्या कॉपीजसुद्धा दुकानांतून निघाल्या. सगळ्या मिळून दहा हजारसुद्धा खपल्या नाहीत. याला लोकांनी नाकारणं म्हणायचं?

मला ही रेकॉर्ड १९९५ साली मिळाली. मित्राच्या मोठ्या भावाने अमेरिकेतून सीडी आणली होती, बँडच्या पहिल्या दोन रेकॉर्डी एकत्र असलेली, ती आम्ही ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतली, ए साइडला पहिली, बी साइडला दुसरी, लेबलवर निळ्या बॉलपेनने नाव. ‘थर्टीन’ला ड्रम्स नाहीत, नुसती अकूस्टिक गिटार आणि आवाज, त्यामुळे माझ्या कॅसेटवर त्या गाण्याच्या मागे टेपची सुरसुर स्पष्ट ऐकू येते. शाळेतून घरी सोडायला येऊ का, असं एक मुलगा मुलीला विचारतोय, एवढंच गाणं. पण चिल्टन ते इतकं हळू, इतकं जपून म्हणतो की आजही मी हातातलं काम ठेवून देतो. आणि बेलच्या गाण्यांत गिटार अशा झणझणीत वाजतात, वर त्या हार्मनी एकावर एक चढत जातात, की हे सगळं विशीतल्या पोरांनी केलंय हे पटत नाही. हमेलचं तर भारतावर गाणं आहे, इकडे येऊन जंगलात मोठ्या पांढऱ्या घरात राहायचं स्वप्न. भाबडं आहे, पण मला फार आवडतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. लेखात चिल्टनचं नाव तीनदा आलं, बेलचं एकदाही नाही. चिल्टन मोठाच, सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स नावाच्या बँडबरोबर त्याचं गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं होतं, पण बँड आधी बेलचा, चिल्टन नंतर आला, आणि स्टुडिओत बसून एकेक आवाज घासूनपुसून घेणारा मुख्यतः बेल. रेकॉर्ड अशी बुडाली आणि तो पार खचला, वर्ष संपायच्या आत बँड सोडला. पुढे घरच्या रेस्टॉरंटमध्ये काम करत होता. १९७८मध्ये त्याच्या नावावर एक सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड, निघाली आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला गाडीच्या अपघातात तो गेला, वय २७. त्याची स्वतःची गाणी एकत्र अल्बम म्हणून यायला १९९२ उजाडलं. तोवर आर.ई.एम.सारखे बँड बिग स्टारचं नाव जाहीरपणे घ्यायला लागले होते, पण ते ऐकायला हा माणूस नव्हता.

म्हणून विनंती आहे, येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा. रेकॉर्ड नाकारली गेली नव्हती, दुकानात पोचली नव्हती. आणि ती करणाऱ्यांत पहिलं नाव क्रिस बेल.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली