तुझ्या दार्जिलिंगची गोष्ट

पुणे, रविवार सकाळ

प्रिय दिल्या,

आधी एक कबुली. दिवाळीत तू दार्जिलिंगचा डबा दिलास ना, त्याचा पहिला चहा मी आलं ठेचून, अर्धं दूध घालून, खळखळ उकळून प्यायलो. वर हिला म्हणालो, "दिल्या फसला गं, नुसतं गरम दूध लागतंय." तुला मात्र फोनवर "वा, काय सुवास!" असं ठोकून दिलं. आता खरं काय ते ऐक.

मध्यंतरी घरातला चहा संपला म्हणून वाण्याकडे गेलो, तर तो विचारतो, "गोळीदार ममरी देऊ की बारीक डस्ट?" इतकी वर्षं चहा ढोसतोय, पण मला उत्तर देता येईना! मग दोन्ही पाव-पाव किलो आणले. भाच्याने कुन्नूरहून आणलेली नीलगिरीची पत्ती फडताळात होतीच. चौथा तुझा. म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे.

चहा चाखण्यासाठी करायचा कसा, याचं चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, मूळ १९८० सालचं. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकून ६ मिनिटं. ब्रिटिशांच्या अशाच सहा पानी मानकाला १९९९ मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालंय. हसू नकोस, मी हिचा केकचा वजनकाटा काढून अगदी तसंच केलं. हिने वाट्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या.

पहिली फेरी कोऱ्या चहाची. डस्टची वाटी मिनिटभरातच काळी झाली. भुकटी इतकी बारीक, की सगळा अर्क एकदम उतरतो. घोट घेतला आणि गाल आत ओढले गेले. ममरी तुरट, पण तिच्यात भाजल्या धान्यासारखा खमंगपणा होता. नीलगिरी मोकळी, जिभेवर न रेंगाळणारी. चौथ्या वाटीत फिक्कट सोनेरी पाणी. आधी वाटलं, यात चहा टाकायचाच राहिला. मग वास आला रे. पावसानंतर बागेचं फाटक उघडावं तसा. चिठ्ठी न बघता पहिला नंबर दिला. पहिल्या तोडीचा, मार्च-एप्रिलचा माल तो. त्याची पानं नुसती वळवून सुकवतात. ममरी मात्र सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांतून चिरडून, फाडून वळलेल्या गोळ्या. आणि मी या दोघांना एकाच पातेल्यात एकच शिक्षा देत होतो!

दुसरी फेरी आपल्या रोजच्या चहाची, दूध-साखर घालून. इथे सगळं उलटं झालं. तुझा सोनेरी राजपुत्र दुधात बुडाला, पत्ता नाही. आणि ज्याने गाल ओढले तो डस्ट दूध पडताच माणसात आला. दुधातली प्रथिनं त्याचा तुरटपणा धरून ठेवतात म्हणे. अमृततुल्यवाले बारीक पूड का वापरतात ते तेव्हा कळलं. पण नुसत्या डस्टला रंग फार आणि चव एकसुरी. शेवटी दोन चमचे ममरी, एक चमचा डस्ट, वर चिमूटभर नीलगिरी, यावर आमचं एकमत झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकमत हे दुसरं किंवा तिसरं असेल.

खरी गंमत मंगळवारी झाली. नळाला पाणी नव्हतं, बोअरच्या पाण्याचं आधण ठेवलं. तेच मिश्रण, तेच माप. वर तवंग, रंग मातकट, चव मेलेली. मी वाण्याला शिव्या घालायच्या बेतात होतो. बुधवारी खडकवासल्याचं पाणी आलं आणि चहा पुन्हा लालबुंद! जड पाण्यातल्या कॅल्शियमचा उपद्व्याप. बोअरच्याच पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकून बघितले, तर कोऱ्या चहावरचा तवंग गेला. म्हणजे चार चहांमध्ये जेवढा फरक नव्हता तेवढा दोन पाण्यांत निघाला.

तर तुझा डबा आता वरच्या फळीवर आहे. त्याला उकळत नाही, दूध दाखवत नाही, तीन मिनिटांत गाळतो. दुपारी चारला एकटाच पितो. तू शनिवारी येतोयस ना? येताना दादरच्या नळाचं पाणी दोन लिटर भरून आण. डेक्कन क्वीनमध्ये कुणी हसलं तर हसू दे. आमच्या नळाच्या पाण्याशी ते ताडून बघायचंय.

तुझा,
बाळ्या