सरी कौंटीतलं विटांचं घर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा बेकन्स कॅसल पाहून आलो. जेम्सटाउनजवळ फेरीबोटीने जेम्स नदी ओलांडली की व्हर्जिनियातली सरी कौंटी लागते. सगळा शेतांचा मुलूख, आणि त्यात हे जुनं घर. तुम्ही जन्मभर गवंडीकाम केलंत, म्हणून सारखं वाटत होतं की तुम्ही सोबत हवे होतात.

आर्थर ॲलन नावाच्या जमीनदाराने ते १६६५ मध्ये बांधलं. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला, ते वर्ष. साल ऐकीव नाही. लाकडातली वर्षवलयं मोजून पक्कं केलंय.

भिंतीत एका थरात विटेची लांब बाजू बाहेर, पुढच्या थरात नुसती टोकं. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हे तुमचं वाक्य तिथे भिंतीत दिसलं. या किनारी भागात चुनखडी मिळेना, तेव्हा कालवांचे शिंपले भाजून चुना करत.

खरी कारागिरी माथ्यावर आहे. दोन्ही टोकांच्या भिंती छपराच्याही वर जातात आणि वळणं घेत निमुळत्या होतात. चौकोनी विटेतून अशी गोलाई काढायची म्हणजे हात किती बसलेला हवा! त्यावर दोन्हीकडे तीन-तीन धुराडी, कोपरा पुढे करून तिरकी उभी. धुराला त्याने काय फरक पडणार? ती हौस आहे, आणि मला ती फार आवडली. पुढे प्रवेशाचा मनोरा, मागे जिन्याचा, त्यामुळे घराचा आराखडा क्रुसासारखा झालाय.

नाव मात्र खटकलं. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बंड केलं, जेम्सटाउन जाळलं. त्याच्या माणसांनी हे घर काही महिने बळकावलं होतं. बेकन स्वतः इथे कधी राहिला नाही. आधी लोक याला ॲलनचं विटांचं घर म्हणत. बेकनचं नाव फार नंतर चिकटलं. इथली शेती गुलामांच्या कष्टावर चालायची. त्यांच्यासाठी १८२९ मध्ये बांधलेलं लाकडी घर आवारात अजून आहे. तिथे मी बराच वेळ थांबलो.

आईच्या मोबाइलवर फोटो पाठवलेत. धुराड्यांचा मोठा करून बघा, कोपऱ्याच्या विटा कशा बसवल्यात ते. रविवारी फोन करतो, तेव्हा निवांत बोलू.

तुमचा,
बाळू