म्हातारपणी नुसतं चालणं पुरत नाही

संपादक महोदय,
घरात वयस्कर माणूस उठायला लागला की आपण लगेच म्हणतो, बसा बसा, मी आणून देतो. प्रेमापोटीच म्हणतो, पण त्याने पायातली ताकद जाते हे कुणी बघतच नाही. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धांच्या संस्थेतल्या ८६ ते ९६ वयाच्या १० जणांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचे व्यायाम दिले, वजन हळूहळू वाढवत नेलं, आणि ज्या ९ जणांनी ८ आठवडे पूर्ण केले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, तीही नव्वदीत! मग २०१४ ला लाइफ नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचा रिझल्ट आला. ७० ते ८९ वयाचे १६३५ लोक, काहींना चालणं, ताकद आणि बॅलन्सचा व्यायाम, बाकीच्यांना मुख्यतः आरोग्यावरची लेक्चर्स. अडीचेक वर्षांत ४०० मीटर चालणं जमेनासं झालेले व्यायामवाल्यांत ३०.१ टक्के, दुसऱ्यांत ३५.५. फरक लहान वाटेल, पण आपल्या पायाने बाथरूमला जाता येणं म्हणजे काय ते ज्याचं गेलंय त्याला विचारा.

तरी आजही सल्ला एकच मिळतो, रोज थोडं चाला. अहो, जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून ३ दिवस बॅलन्स आणि ताकदीचा व्यायाम सुद्धा सांगते, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं इथूनही सुरुवात होते. माझी कळकळीची विनंती आहे की डॉक्टरांनी हे गोळ्यांसारखंच कागदावर लिहून द्यावं, किती वेळा, किती दिवस, आणि पुढच्या व्हिजिटला केलं का ते विचारावं.

- एक वाचक