तारीख येईपर्यंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल दोनदा वाचले. लेकीच्या नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली, पण तीही अडीच महिन्यांनंतरची, आणि "तोवर आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचे?" असे तू विचारले आहेस. आमच्या धाकट्याच्या वेळी आम्ही अकरा आठवडे थांबलो होतो. तेव्हा फार उशिरा उमगले ते तुला आधीच कळवतो: तज्ज्ञांचे काम आपण करायला जायचे नाही, मात्र त्यांच्या दारापर्यंत तिला सुखरूप, आणि होईल तितके एकटे न पाडता, नेऊन पोचवणे हे सर्वस्वी आपलेच काम आहे.

पहिले तीन आठवडे मी हे उलटेच केले. रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून "आज कसे वाटते आहे?" असे विचारायचो, आणि उत्तर येण्याआधीच माझा उपदेश सुरू व्हायचा. परिणामी तो खोलीचे दार लावून बसू लागला. मग एका रविवारी आम्ही दोघे सायकलची उतरलेली साखळी चढवत होतो, दोघांचेही हात काळे झालेले, नजर साखळीवर, आणि तो एकदम म्हणाला, "बाबा, मला सकाळी उठावेसेच वाटत नाही." माझ्या जिभेच्या टोकाशी व्यायामाचे व्याख्यान आले होते, ते कसेबसे गिळून मी एवढेच विचारले, "किती दिवसांपासून?" त्या दिवशी तो वीस मिनिटे बोलला. तेव्हापासून महत्त्वाचे बोलणे आम्ही समोरासमोर बसून केलेच नाही.

आता अवघड गोष्ट. जीव द्यावा असे विचार मनात येतात का, हे तिला सरळ, याच शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरतो ही भीती निराधार असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. उलट कुणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. उत्तर "हो" आले, तर रडारड किंवा शपथा न घालता तिच्याजवळ बस आणि तिच्याबरोबर एक कागद तयार कर. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली ही सुरक्षा योजना अगदी साधी आहे: मन बिघडू लागल्याच्या खुणा कोणत्या, अशा वेळी एकटीने काय करता येते, कुठे किंवा कुणात गेल्यावर मन दुसरीकडे वळते, मदत कुणाकडे मागायची, कोणत्या डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसे करायचे. कागद तिच्या अक्षरात आणि तिच्याच शब्दांत असू दे. शेवटचा मुद्दा मात्र तू आजच हाती घे. घरातली सगळी औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू कुलपात ठेव. अशा विचारांची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे यानेच जीव वाचतो. तिने काही ठरवले आहे असे दिसले किंवा तिने स्वतःला इजा केली, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ने.

नेहमीच्या डॉक्टरांना मधल्या काळात जरूर दाखव. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांचा थकवा कधीकधी नैराश्यासारखाच दिसतो. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, तर गुण यायला काही आठवडे लागतात आणि या वयात सुरुवातीच्या दिवसांत बारीक लक्ष ठेवावे लागते. मनाने बंद तर करूच नका. तज्ज्ञांच्या दवाखान्यात दर आठवड्याला फोन करून कुणाची वेळ रद्द झाली का, हे विचार, आणि प्रकृती बिघडली तर तेही कळव, कारण त्यावरून तारीख अलीकडे येऊ शकते. फोन करताना मलाही भीक मागितल्यासारखे वाटायचे, पण त्याला इलाज नाही.

दिवसाची चौकट मोडू देऊ नकोस. उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच असावी, झोप लागली नसली तरीही. इच्छा झाली की करेन, असे नैराश्यातले मूल म्हणते, पण ती इच्छा आधी येत नाही; एखादी छोटी कृती झाली की तिच्यामागून थोडीशी येते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणे एवढेही पुरे, आणि ते झाले म्हणून टाळ्या वाजवू नकोस, त्याचा मुलांना राग येतो. शाळेत एकाच शिक्षकांना सांग, तेही काय सांगायचे हे तिला विचारूनच. झोप, जेवण आणि वाईट गेलेले दिवस यांची दोन ओळींची नोंद तिला वहीत ठेवू दे. पहिल्या भेटीत ऐन वेळी काहीच आठवत नाही. ती वही तू उघडायची नाहीस.

वहिनी स्वतःला दोष देतात, असे तू लिहितोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयोगटातल्या साधारण सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. इतक्या घरांतल्या आया काही एकाच वेळी चुकलेल्या नसतात, हे त्यांना माझ्या वतीने सांग. आणि रात्रीची जागरणे तुम्ही दोघे वाटून घ्या.

तारखेच्या आदल्या दिवशी मी येतो. गाडी मी चालवीन. तू मागे तिच्या शेजारी बस.

तुझा,
जुना बाकावरचा सोबती