लंगड्या बोक्यासाठी पिंजरा

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. बोका पुढचा पाय टेकत नाही आणि जवळ गेलं की भिंतीवरून पसार होतो, म्हणजे हाताने धरायचा नाद सोड. टॉवेलनेही नको. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धू आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठ.

आधी जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून ठेव: मोकाट आहे, पिंजऱ्यातच भूल द्यावी लागेल. मग तीन-चार दिवस पिंजऱ्याचं दार वर बांधून खाणं तिथेच दे. पहिल्या दिवशी दाराशी, मग रोज वीतभर आत, शेवटी वाटी अगदी मागच्या जाळीला टेकून. तळाला वर्तमानपत्र अंथर. उघडी तार पंज्याला लागली की मांजर मागे फिरतं. मात्र तो तोंड उघडून धापा टाकत असेल, किंवा लघवीला बसून थेंबही येत नसेल, तर दिवस मोजू नकोस, आजच पकड.

धडधाकट मांजराला पकडायच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवतात. याला तसं करू नकोस, एक वेळचं खाणं चुकवलंस तेवढं पुरे. आजारी मांजर काही दिवस पोटात काही न घेता राहिलं की यकृतात चरबी साठते आणि नवंच दुखणं उभं राहतं. नाक चोंदलं असेल तर मासा कोमट करून ठेव, वास उठतो.

खरी गोची पायपट्टीची, म्हणजे पाय पडला की दार पाडणाऱ्या आतल्या पट्टीची. लंगडं मांजर ती ओलांडून जातं, हाडकुळ्याच्या वजनाने ती दबत नाही, आणि भलतंच मांजर मात्र नेमकं अडकतं. म्हणून दार उचलून धरायला त्याखाली पाण्याने भरलेली बाटली उभी कर, तिच्या गळ्याला सुतळी बांध आणि दुसरं टोक आडोशाला तुझ्या हातात. नायलॉनची दोरी ताणते, ती नको. रिकाम्या पिंजऱ्यावर दहा वेळा ओढून बघ, दाराची कडी बसते ना. शेपटीसकट आत गेला आणि तोंड वाटीत घातलं की एकच झटका.

तो जाळीवर धडका मारेल. लगेच जाड चादर चहूबाजूंनी टाक, अंधार झाला की शांत होतो. पाणी ठेवायलाही दार उघडू नकोस. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, मांजराचा त्याने जीव जातो.

पिंजरा नंतर घासून धू, मग 1 भाग ब्लीच, 32 भाग पाणी असं करून 10 मिनिटं ओला ठेव. मांजरांचा पार्व्हो हा विषाणू नुसत्या साबणाने जात नाही.

तुझा,
विनय