टीव्ही बॉक्स तपासल्याशिवाय विकू देऊ नका : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री साहेब,
नमस्कार.

मी कराडला टीव्ही रिपेरिंगचं दुकान चालवतो, एकवीस वर्षं झाली. आधी पिक्चर ट्यूबवाले टीव्ही यायचे, मग एलईडीचे पॅनल आणि बॅकलाइटच्या पट्ट्या, आणि आता निम्मी गिऱ्हाइकं दुरुस्तीसाठी येतच नाहीत, म्हणतात दादा ते फुकटवालं ॲप टाकून द्या ना, ज्यात सगळं दिसतं. आयपीएल सुरू झाली की दिवसाला चार-पाच तरी. माहिती-प्रसारण आणि आयटी दोन्ही खाती तुमच्याकडे आहेत आणि हा विषय त्या दोन्हीच्या मधे पडतो म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आधी खरं सांगतो, मी पण टाकून द्यायचो. पेनड्राइव्हमध्ये एपीके, म्हणजे ॲपची फाईल, ठेवलेली असायची, सेटिंगमध्ये जाऊन अननोन सोर्स, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप टाकायची परवानगी, चालू करायचं, फाईल इन्स्टॉल करायची, पाच मिनिटाचं काम, शंभर रुपये. ती फाईल कुणी बनवली ते मला माहीत नसायचं, मला दुसऱ्या मेकॅनिकने व्हॉट्सॲपवर पाठवलेली, त्याला अजून कुणीतरी.

मग आमच्या एका गुरुजींचं झालं. रिटायर्ड माणूस, माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या टीव्हीवर मीच ॲप टाकलेलं. काही दिवसांनी त्याच ॲपमध्ये पाटी आली की मोबाईलवर पण बघा, खाली क्यूआर कोड, त्यांनी फोन धरला आणि घेतलं. फोनवर त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मग ॲक्सेसिबिलिटीची. ही ॲक्सेसिबिलिटी खरं तर ज्यांना नीट दिसत नाही किंवा हात चालत नाहीत अशा लोकांसाठी केलेली सोय आहे, पण ती भलत्या ॲपला दिली की त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या जागी बटणंही दाबता येतात. गुरुजींनी सगळ्याला होय केलं, मॅच चालू होती. चार दिवसांनी खात्यातून ३८ हजार गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला पण आमच्या लक्षात यायलाच दीड दिवस गेला होता, पैसे परत आले नाहीत. गुरुजी मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून मी बाहेरची एपीके टाकणं बंद केलंय.

साहेब, पायरसीविरुद्ध तुम्ही लोकांनी कायदा कडक केलाय हे मला माहीत आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीत कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे, आणि तो हवाच, मराठी पिक्चर काढणाऱ्याचं पहिल्याच आठवड्यात वाटोळं होतं. पण तो कायदा निर्मात्याला वाचवतो. गुरुजींना कोण वाचवणार? एक लिंक बंद केली की त्याच ॲपची नवी लिंक दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, हे मी रोज बघतो.

आणि ॲपपेक्षा मला जास्त भीती त्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सची वाटते. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नसतं, खोक्यावर लिहिलेलं असतं सगळे चॅनल फ्री, जुन्या टीव्हीला लावा आणि स्मार्ट करा. यात काही बॉक्स असे असतात की व्हायरस कारखान्यातूनच आत बसवलेला असतो, गिऱ्हाइकाने काही चुकीचं दाबायचीही गरज नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या अशाच व्हायरसवाल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल सूचना काढली होती, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने कोर्टात सांगितलं की असे एक कोटीच्या वर बॉक्स आणि बाकी उपकरणं या जाळ्यात आहेत. असा बॉक्स तुमच्या घरचं इंटरनेट भलत्याच माणसाला वापरायला देतो, म्हणजे गुन्हा तो करणार आणि आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट कुठल्या कनेक्शनवरून वापरलं तो नंबर, निघणार कराडच्या एखाद्या आजीबाईचा.

आता माझं मागणं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत तुमच्याच आयटी खात्याने नियम केला, ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्याची सायबर सुरक्षेची तपासणी झाल्याशिवाय तो विकता येत नाही. नियम आला तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांनी लई कुरकुर केली, माल महाग होणार म्हणून. पण नियम बरोबर होता, कारण कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असतो. मग टीव्ही बॉक्स पण जोडलेलाच असतो की! उलट त्याच्यात माणसाचं गूगल अकाउंट असतं, काही रिमोटमध्ये माईक असतो. सेट टॉप बॉक्सवर बीआयएसचा, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा नंबर असतो तो शॉक बसू नये, आग लागू नये यासाठी, आतल्या सॉफ्टवेअरचं काय? कॅमेऱ्याला लावली ती तपासणी या बॉक्सला आणि स्मार्ट टीव्हीला लावा, आणि ऑनलाइन विकणाऱ्यांना पण त्यातून सोडू नका.

बाहेरून ॲप टाकणंच बंद करा असं मी म्हणत नाही. व्हीएलसीसारखा व्हिडिओ प्लेअर त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतला तर काही बिघडत नाही, मी स्वतः वापरतो. फक्त अननोन सोर्स चालू करताना जी सूचना येते ती बहुतेक टीव्हींवर इंग्रजीत येते आणि कुणी वाचत नाही. ती मराठीत, मोठ्या अक्षरात यावी आणि त्यात बँकेच्या पैशाचं नाव असावं, एवढं कंपन्यांना सांगता येईल.

लोक फुकटच्या ॲपच्या मागे का जातात तेही बघा. मॅच एका ॲपवर, आईची सिरीयल दुसऱ्यावर, पोरांचं तिसऱ्यावर, महिन्याचा हिशोब केला की केबलपेक्षा जास्त होतं. दूरदर्शनवाल्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेव्ह्ज नावाचं टीव्ही बघायचं सरकारी ॲप आणलं, माझ्या दुकानात दहातल्या नऊ लोकांनी त्याचं नाव ऐकलेलं नाही. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही हे पण मीच सांगतो. त्याची पत्रकं छापून आमच्यासारख्या मेकॅनिक लोकांकडे द्या, आम्ही वाटू, आम्हाला घराघरात आत घेतात.

गिऱ्हाइकांकडून काढून घेतलेले असे तीन बॉक्स माझ्या कपाटात पडून आहेत, एकावरही कंपनीचा पत्ता नाही. तुमच्या खात्याची कुठली लॅब ते उघडून तपासणार असेल तर पत्ता कळवा, कुरियरचा खर्च मी करतो.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, कराड